आईचा कान

रविवार, रात्री साडेअकरा

'माय हीरो अकॅडेमिया' ही सुपरहीरो घडवणाऱ्या शाळेची जपानी ॲनिमे मालिका डिसेंबर २०२५ मध्ये संपली. त्यानंतर चैन पडेना, म्हणून पहिल्या भागापासून पुन्हा लावलीय. आई शेजारी भाजी निवडत बसते. सबटायटल वाचायचा तिला कंटाळा, जपानी तर दोघींनाही येत नाही. म्हणजे मी वाचते आणि ती नुसती ऐकते.

सुरुवातीलाच ऑल माइट आला, त्या जगातला सगळ्यात मोठा हीरो. डोंगराएवढं अंग, छाती पुढे, 'वाताशि गा किता!' म्हणजे 'मी आलोय!' थोड्या वेळाने अंगातून वाफ निघून त्याचा हाडांचा सापळा झाला, तोंडातून रक्त. आईने मेथीवरची नजर न काढता विचारलं, "खोकणारा नि गडगडणारा एकच ना गं?" मी चाट! दोन्ही आवाज केंता मियाके या एकाच आवाज-कलाकाराचे. सापळ्याला आवाज देताना ते पिपाणी काढत नाहीत, त्याच आवाजातली हवा काढून घेतात. खालचा खर्ज तसाच राहतो. मी चित्र बघत होते म्हणून फसले असते.

तेव्हापासून मीही कान देऊन ऐकतेय. सबटायटलमध्ये सगळ्यांना एकच 'आय', आपल्याकडेही एकच 'मी'. जपानीत मात्र 'मी' म्हणायला ऑल माइट 'वाताशि' वापरतो, कथेचा नायक मिदोरिया 'बोकु', त्याला छळणारा बालमित्र बाकुगो 'ओरे'. भारदस्त, सौम्य आणि दांडगट. हे कळल्यावर कँटीनमधला प्रसंग उलगडला. त्यांच्या वर्गातला तेन्या ईदा एरवी 'ओरे' म्हणून रुबाब करतो, जेवताना चुकून घरंदाज वाटणारं 'बोकु' म्हणून जातो आणि वर्गमैत्रीण उराराका लगेच विचारते, तू बड्या घरचा आहेस का रे? पहिल्यांदा बघितलं तेव्हा हा प्रश्न कुठून टपकला तेच समजलं नव्हतं. अख्खा विनोद एका 'मी'त होता!

तीच गत 'डेकू'ची. मिदोरियाचं पहिलं नाव इझुकु. ते ज्या अक्षरांत लिहितात ती 'डेकू' अशीही वाचता येतात, आणि डेकू म्हणजे लाकडी बाहुला, आपल्या भाषेत ठोंब्या. लहानपणी बाकुगोने चिडवायला ठेवलेलं नाव. उराराकाला त्यात 'गांबारे', म्हणजे 'जोर लाव', असा सूर ऐकू आला आणि पोराने तेच नाव हीरो म्हणून लावलं. (दाइकी यामाशिता यांनी त्या पोराचं स्वतःशी पुटपुटणं काय केलंय! आई त्याला 'जपवाला' म्हणते. रडायला लागला की 'रडूबाई'.)

बाकुगोचं नाव 'बोंबल्या'. त्याला आवाज देणारे नोबुहिको ओकामोतो इतकी वर्षं त्या पोरासाठी बेंबीच्या देठापासून ओरडले, घसा कसा टिकला देव जाणे. तो तोंड उघडण्याआधीच आई रिमोट शोधते.

आज सहाव्या सीझनच्या शेवटापर्यंत पोचलो. भर पावसात, चिखलाने माखलेल्या मिदोरियासमोर बाकुगो उभा राहतो, इतकी वर्षं का छळलं ते सांगतो आणि माफी मागतो. 'डेकू' नाही म्हणत, 'इझुकु' म्हणतो. ओकामोतोंनी आवाज चढवलेला नाही, रडकाही केलेला नाही. हळू, सपाट, शब्द मोजून. मी डोळे पुसत होते.

आईच्या हातातली जुडी तशीच राहिली.

"आज ओरडत नाहीये हा," ती म्हणाली. "बरं नाही का त्याला?"