पीकेझिप भारीच, पण एसटीनं पाठवायचं तर एआरजे

फाइली दाबून लहान करणारं झिप म्हटलं की ते आणि त्याचा पीकेझिप प्रोग्राम बनवणाऱ्या फिल कॅट्झचं नाव निघतं आणि निघायलाच पाहिजे, पण नव्वदीत परभणीसारख्या गावात ज्यांनी डीटीपीची (कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायची) कामं केली त्यांना विचारा, ते एआरजे या तसल्याच दुसऱ्या प्रोग्रामचं नाव आधी घेतील. कामून ते सांगतो.

आमच्याकडं कंपोझिंग परभणीत व्हायचं आणि मोठी छपाई औरंगाबादला (आताचं संभाजीनगर). मेल-बिल काही नाही, आणि फोनवर माणसाचाच आवाज धड जात नव्हता तिथं मोडेमवरून फाइल काय जाणार. मग फ्लॉप्या जाड पाकिटात घालायच्या, वर पत्ता टाकायचा आणि जिंतूर-मंठा-जालन्यावरून जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरच्या हातात द्यायच्या, तिकडं प्रेसचा पोरगा स्टँडवर येऊन घेऊन जायचा. उन्हाळ्यात, धुळीत, इंजिनाच्या बाजूला ठेवलेलं ते पाकीट. एखादी फ्लॉपी रस्त्यात दगावणार हे धरूनच चालायचं.

१.४४ एमबीच्या फ्लॉपीवर फॉरमॅट झाल्यावर प्रत्यक्षात १४,५७,६६४ बाइट जागा मिळते. आणि साखर कारखान्याची निवडणूक आली की सभासद यादी यायची फॉक्सप्रो या डेटाबेस प्रोग्राममध्ये, त्याची डीबीएफ फाइल, आरामात दहा-बारा एमबी. ती दाबली की इतकीशी व्हायची की नव्या माणसाला वाटायचं फाइल अर्धवटच आली. त्याचं कारण सोपं आहे, डीबीएफमध्ये नावाला चाळीस अक्षरांची जागा ठेवली तर नुसतं 'काळे' लिहिलं तरी बाकीची सगळी जागा स्पेसनं भरलेली असते, त्यात गाव तेच, तालुका तोच, आडनावं तीच तीच. आणि फाइल दाबणारा प्रोग्राम करतो काय तर हा तुकडा थोडं मागं आधी येऊन गेलाय का ते बघतो, आला असेल तर पुन्हा लिहितच नाही, नुसतं 'इतकं मागं जा आणि इतकी अक्षरं उचल' एवढं नोंदवतो, मग त्यावर हफमन कोडिंग, म्हणजे जे जास्त वेळा येतं त्याला कमी बिट. झिपच्या डिफ्लेट या दाबायच्या पद्धतीत हे मागं बघणं ३२ केबीपर्यंत चालतं. एआरजेचं तत्त्वही तेच. जेपेगवर मात्र दोघांचंही काही चालत नाही, ती आधीच पिळलेली असते.

खरा फरक पडायचा फाइल एका फ्लॉपीत मावत नसली की.

पीकेझिपच्या २.०४जी मध्ये (१९९३ चं, सगळ्यांकडं हेच असायचं) -& दिलं की ते एकामागून एक फ्लॉप्या मागायचं आणि प्रत्येकीला पीकेबॅक#००१, ००२ अशी लेबलं लावायचं. दिसायला मस्त. पण उघडताना पहिल्यांदा मागणार शेवटची डिस्क! कारण झिपची अनुक्रमणिका फाइलच्या शेवटी असते. एका हार्डडिस्कवर असाल तर ही रचना हुशारीचीच आहे, नवीन फाइल घालताना पुढचं सगळं हलवावं लागत नाही. पण एसटीत नेमकी शेवटची फ्लॉपी गेली तर अनुक्रमणिकाच गेली, बाकीच्या घेऊन बसा.

रॉबर्ट जंग यांच्या एआरजेचं तसं नव्हतं. एआरजे ए -व्ही१४४० अशी कमांड दिली की पहिला तुकडा डॉट एआरजे, पुढचे डॉट ए०१, डॉट ए०२, आणि प्रत्येक तुकडा स्वतःपुरता पूर्ण अर्काइव्ह. मधली एक फ्लॉपी मेली तर तिच्यातल्या आणि तिच्या सांध्यावरच्या फाइली जाणार, बाकीच्या सुटतात. आम्ही तुकडे आधी हार्डडिस्कवर करायचो, एआरजे टी देऊन सीआरसी (फाइल बिघडली नाही ना ते सांगणारा आकडा) तपासायचो, मगच कॉपी. म्हणजे प्रेसमधून एसटीडीवर 'भाऊ, तीन नंबर रीडच होईना, अबॉर्ट रिट्राय फेल म्हणायलंय' असा निरोप आला की तेवढा एकच तुकडा नव्या फ्लॉपीवर टाकून संध्याकाळच्या गाडीनं रवाना. पीकेझिपवाल्याला अख्खा गठ्ठा परत करावा लागायचा, त्यात लोडशेडिंग.

आता हे सगळं शेअरवेअर होतं, म्हणजे वापरून बघा, आवडलं तर पैसे पाठवा. पीकेझिपचे ४७ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावानं दीडेक हजार रुपये. रक्कम मोठी होतीच, पण समजा द्यायची म्हटलं तरी परभणीतून अमेरिकेत डॉलर पाठवायचा कसा? फेराचा, म्हणजे परकीय चलनावरच्या कडक कायद्याचा जमाना, बँकेत विचारलं असतं तर साहेबानं चष्मा काढून बघितलं असतं. त्यामुळं सगळ्यांनी फुकटच वापरलं, आणि त्याबद्दल कुणाला फार वाईट वाटल्याचं आठवत नाही, खरं ते सांगायला काय जातंय. पुढं विनझिप आलं, मग विनरार, त्याची ती ४० दिवसांची मुदत अजून कुणाच्यात संपलेली नाही.

कॅट्झचं मोठेपण वेगळ्या जागी आहे. आर्क या झिपच्या आधीच्या फॉरमॅटवरून तो बनवणाऱ्या एसईए कंपनीनं त्याच्यावर केस केली, १९८८ ची गोष्ट, त्यानंतर त्यानं १९८९ मध्ये झिप आणलं आणि फॉरमॅट सगळ्यांसाठी खुला ठेवला. म्हणून तर आजची डॉकएक्स, एक्सएलएसएक्स, अँड्रॉइड फोनमधली अॅपची एपीके फाइल, सगळ्या आतून झिपच आहेत, नोटपॅडमध्ये उघडून बघा, पहिली दोन अक्षरं पीके, त्याच्याच नावाची. २००० साली वयाच्या ३७ व्या वर्षी दारूपायी गेला बिचारा.

कुणाकडं जुन्या डॉट ए०१ वाल्या फ्लॉप्या पडल्या असतील तर यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह मिळतो अजून, सगळे तुकडे एका फोल्डरमध्ये कॉपी करा, डॉसबॉक्समध्ये (आजच्या कॉम्प्युटरवर जुने डॉस प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) जुनंच एआरजे चालवा आणि एआरजे एक्स -व्ही द्या. यादी निघेल. फक्त ती तेव्हाच्या फॉन्टमधली असणार, त्यामुळं स्क्रीनवर सगळं कीडामुंगी दिसेल, आधी कुठला फॉन्ट होता ते शोधा आणि मग युनिकोडच्या कन्व्हर्टरमधून काढा. जोडाक्षरं आणि रफार तरी हातानंच दुरुस्त करावे लागतील.