पाणमांजराचं पिल्लू आणि माझे टॉवेल

पाणमांजराला भरपूर पाणी दिलं की झालं, असं मीही समजत होते. वन्यप्राणी केंद्रात काम करून वर्ष होत आलं होतं तरी! मग आईविना सापडलेलं एक पिल्लू माझ्याकडे आलं. डोळे नुकते उघडलेले, म्हणजे पाचेक आठवड्यांचं असावं.

सुरुवातीचे दिवस बाटलीतच गेले. त्याला तान्ह्या बाळासारखं उताणं धरून पाजायचं नाही. पोटावरच ठेवायचं, नाहीतर दूध श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया व्हायची भीती. पाजून झालं की कोमट ओल्या कापसाने शेपटीखाली हलकेच पुसायचं, तेव्हा कुठे शू-शी होणार. रात्री अडीचला हे करताना ते अशी शिट्टी मारायचं की झोप पार उडायची.

आठव्या आठवड्यात परातीत दोन बोटं कोमट पाणी घेतलं. साहेबांनी एक पंजा टेकवला, किंचाळले आणि थेट माझ्या बाहीत शिरले! पाणमांजराला पाण्याची ओढ जन्मतः नसते. आई मानगुटीला धरून पाण्यात नेते, तिथून शिकवणी सुरू. आता ती शिकवणी माझ्याकडे. चार दिवस नुसता पंजा बुडवायचा खेळ, मग परातीच्या मधोमध माशाचा तुकडा, मग टब, पोटाखाली माझा हात.

आणि मग मी चूक केली. टबात ते इतकं रमलं की मी त्याला अर्धा तास खेळू दिलं. बाहेर काढलं तर केस चप्प बसलेले, मधून कातडी दिसतेय आणि अंग थरथरतंय. दोन टॉवेल भिजले, तिसऱ्यात गुंडाळून मी डॉक्टरांकडे पळाले. त्यांनी आधी त्याला ऊब दिली, मग मला समजावलं. सील-देवमाशांसारखा चरबीचा जाड थर पाणमांजराला नसतो. वरचे लांब केस पाणी अडवतात, खालच्या दाट लोकरीत हवा अडकून राहते आणि त्या हवेवर त्याची ऊब टिकते. पाणी कातडीपर्यंत पोचलं की संपलं. "अगं, आधी कोरडी जागा दे त्याला," त्या म्हणाल्या. "पाणी कुठे पळून जातंय?"

पिंजऱ्याचा आराखडा मी दुसऱ्याच दिवशी बदलला. पाण्याच्या तिप्पट-चौपट जमीन, अंग घासायला ओंडके, कोरडं गवत, आणि ते गवत ओलं झालं की लगेच बदलायचं. पोहणं पाच मिनिटांवर आणलं, तेही मी शेजारी बसून.

खाण्याचं वेगळंच. थोडं थोडं, पण दिवसातून अनेकदा, कारण खाल्लेलं काही तासांत बाहेर पडतं. गोठवलेल्या काही माशांमुळे ब १ जीवनसत्त्व नष्ट होतं, म्हणून ते वरून द्यावं लागतं. व्हिडिओ बघून "आम्हालाही एक पाळायचंय" म्हणणाऱ्यांना मी माझ्या अंगठ्यावरचा व्रण दाखवते. खेळताना चावलं होतं, रागाने नव्हे.

चौथ्या महिन्यात ते स्वतःहून हौदात उतरलं, बुडी मारली, वर आलं आणि अंग झटकत सरळ गवतात जाऊन लोळायला लागलं. मी टॉवेल घेऊन उभीच. थोड्या वेळाने आलं, टॉवेल दातांत धरून ओढत आपल्या बिळात नेला, आणि त्यावर झोपलं.