लाल दगडाचा पाइप: वाटी वेगळी, दांडा वेगळा

संग्रहालयात ‘पीस पाइप’ अशी चिठ्ठी लावलेला लाल दगडाचा पाइप दिसला, की आधी ती चिठ्ठी बाजूला ठेवायची. तहाच्या वेळी तो ओढत हे खरं, पण उत्तर अमेरिकेतल्या लकोटा आणि इतर मैदानी प्रदेशातल्या मूळ जमातींसाठी तो मुळात प्रार्थनेचा. आजही आहे.

दगडाचं नाव कॅटलिनाइट, १८३६ साली खाणीवर पोचलेल्या जॉर्ज कॅटलिन या चित्रकारावरून पडलेलं. खाण अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, पाइपस्टोन गावाला लागून; १९३७ पासून राष्ट्रीय स्मारक. हा घट्ट झालेला चिकणमातीचा दगड, हेमॅटाइट या लोहखनिजामुळे लाल, आणि इतका मऊ की चाकूनेही कोरता येतो. त्याच्या डोक्यावर मात्र कित्येक फूट कठीण क्वार्ट्‌झाइट बसलेला! तो पाचर, घण आणि पहार घेऊन हातानेच फोडायचा, आणि परवाना फक्त मान्यताप्राप्त मूळ अमेरिकी जमातींच्या सदस्यांना.

तुकडा करवतीने कापला की नक्षीकडे वळायचं नाही, आधी भोकं. एक वाटीचं, वरून खाली. दुसरं धुराचं, आडवं. दोन्ही आत काटकोनात भेटली पाहिजेत. गिरमिट जरा तिरपं गेलं की भिंत फुटते. भुकटी वरचेवर काढली नाही तर पातं अडकतं आणि दगड तडकतो. महिनाभर खपून वाटीवर कोरलेला घोडा फुटण्यापेक्षा कोरा ठोकळा फुटलेला बरा. मग कानस, पॉलिश पेपर, शेवटी गरम करून मधमाशीचं मेण. फिकट गुलाबी दगड गडद लाल होतो तो इथे.

दांडा बहुधा अ‍ॅश किंवा सुमॅक या झाडांच्या लाकडाचा. सुमॅकचा गाभा भुसभुशीत, तापलेल्या तारेने जाळून पोकळ करता येतो.

संग्रहात दांडा वाटीत खोचून ठेवू नका. जोडला की पाइप जागा होतो, अशी श्रद्धा आहे. म्हणून अनेक संग्रहालयं दोन्ही वेगळे ठेवतात. वाटीतली काजळी खरवडू नका, तिच्यात काय ओढलं त्याचा पुरावा असतो. पाण्याने तर धुऊच नका. दांड्यावर पिसं किंवा साळिंदराचे काटे असतील तर नायट्राइल हातमोजे हवेतच. जुन्या संग्रहांत किडीसाठी आर्सेनिक मारलेलं असायचं. आणि वाटीवर शिशाचं जडावकाम असेल तर ओकच्या लाकडी कपाटाऐवजी पावडर-कोटेड स्टीलचं बघा. ओकमधून सुटणाऱ्या अ‍ॅसिटिक आम्लाने शिसं पांढरं पडून भुकटीसारखं झडू लागतं.