ड्रममधले अँपिअर, धरणातले अँपिअर

होडीच्या मागे लटकणाऱ्या पेट्रोल आउटबोर्डचं इंजिन मेलं तरी त्याचा खालचा पाय, म्हणजे पाण्यात बुडणारा पंख्याचा भाग, बऱ्याचदा धडधाकट असतो. गंगापूर धरणात जाळी टाकणारे नाना असाच एक भंगारातला पाय सातपूरला माझ्या मोटर दुरुस्तीच्या दुकानात घेऊन आले. "मिस्तरी, याच्यावर ई-रिक्षाची मोटर बसव. पेट्रोल परवडत नाही, आणि हेच पाणी अख्खं नाशिक पितं."

पायातलं गिअर ऑइल काढलं तर दुधासारखं पांढरं. म्हणजे सीलमधून पाणी आत शिरत होतं. सील बदलले, वर ४८ व्होल्ट, १००० वॅटची बीएलडीसी (ब्रश नसलेली) मोटर बसवली आणि टायमिंग बेल्टने पायाच्या उभ्या शाफ्टला जोडली. मागे जायचा गिअर गंजून बसला होता. त्याच्या नादी लागलोच नाही, मोटर चालवणाऱ्या कंट्रोलरलाच रिव्हर्सचं बटण होतं.

दुकानात २०० लिटरच्या ड्रममध्ये पंखा फिरवला. वायरीतला करंट मोजणारा क्लॅम्प मीटर १४ अँपिअर दाखवत होता. नाना खूश. मला मात्र ड्रमवर काडीचा भरवसा नाही. त्यातलं पाणी पंख्याबरोबर गरगर फिरतं, हवाही ओढली जाते, मग पंख्याला जोर लागणार कुठून? म्हणून निघताना मोटरवरच्या २४ दातांच्या पुलीसोबत २० दातांची एक पिशवीत टाकली.

धरणावर होडी काठच्या बाभळीला दोराने बांधली. मुद्दामच. बांधलेल्या होडीत पंख्याला सगळ्यात जास्त ताण येतो. तिथे टिकली तर मोकळ्या पाण्यात काळजी नाही. नानांनी मूठ पिळली, दोर ताणला, मीटर ३४ वर गेला आणि सगळं गपकन बंद. बॅटरीच्या बीएमएसची, म्हणजे तिला जपणाऱ्या सर्किटची, मर्यादा ३० अँपिअरची.

"जळाली का रे?"

"नाही नाना, बॅटरीने स्वतःला वाचवलं."

काठावरच पुली बदलली. मोटरच्या प्लेटला लांबट खाचा ठेवल्या होत्या, त्यामुळे बेल्ट तोच चालला. पंख्याला लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनाने वाढते, म्हणून फेरे सहाव्या हिश्श्याने कमी केले की ताकद जवळपास ४२ टक्क्यांनी उतरते. कागदावर २० अँपिअर येत होते, मीटरवर २१ आले. म्हणजे हजार वॅट, मोटरला झेपतील तेवढेच.

दोर सोडला. पूर्ण वेगात ६० अँपिअर-अवरची बॅटरी तीन तासही पुरणार नाही, हे ऐकून नानांचं तोंड उतरलं. मग मूठ अर्ध्या वेगावर आणायला सांगितलं. मीटर ४ च्या आसपास आला आणि नानांनी तो दोनदा वाकून पाहिला.

"जाळं टाकताना मी याच्यापेक्षा जोरात कधी जातो?" म्हणाले, आणि लगेच पैशांत सूट मागितली.