वादळानंतरचा सोमवार आणि अण्णा नाईक

आमच्या डायलिसिस युनिटमध्ये भिंतीवर टीव्ही आहे, पण ‘रात्रीस खेळ चाले’ ही भुताची मालिका तिथे कधी लागली नाही. तिसरं पर्व रात्री अकराला लागायचं आणि आमची पहिली पाळी सकाळी सातला सुरू होते. त्यामुळे रात्री घरी बघायचं आणि सकाळी सुया लागल्या, मशीन सुरू झालं की पुढचे चार तास त्यावर बोलायचं, हा आमच्याकडचा रिवाज. मी इथे टेक्निशियन आहे, सिंधुदुर्गातल्या एका छोट्या हॉस्पिटलात. खाली पेशंटांची नावं बदलून लिहिली आहेत, बोलणं मात्र त्यांचंच.

आमच्या भागात या मालिकेवरच्या गप्पा बाकी महाराष्ट्रापेक्षा वेगळ्या असतात. मालिकेतल्या नाईकांचा तो वाडा आहे आकेरीत, सावंतवाडी-कुडाळ रस्त्यावर. आमच्याकडे येणारे कित्येक जण त्या फाट्यावरून आठवड्यातून तीनदा ये-जा करतात. कोणाचा भाचा शूटिंगला गाडी घेऊन जायचा, कोणाच्या शेजाऱ्याने एका भागात गर्दीत काम केलेलं. म्हणजे जो तो ‘आतली बातमी’ घेऊन यायचा, आणि दोन बातम्या कधी एकमेकींशी जुळायच्या नाहीत. पुढे काय होणार याचा अंदाज बांधणं हा तर सगळ्यांचा हक्कच. २०१६ मध्ये पहिलं पर्व सुरू झालं तेच घरातल्या कर्त्या अण्णा नाईकांच्या मरणाने. ते संपल्यावर लोक पुढचे तर्क लढवत बसले आणि २०१९ मध्ये दुसरं पर्व आलं ते चक्क मागे गेलं, अण्णा जिवंत असतानाच्या काळात. आमचे गुरुजी, निवृत्त प्राथमिक शिक्षक, त्या गोष्टीचा दाखला नेहमी द्यायचे. ‘तुम्ही पुढे बघता, आणि लिहिणारो मागे जाता. म्हणान सरळ अंदाज करूचोच नाय.’

तिसरं पर्व २२ मार्च २०२१ ला सुरू झालं. अण्णा आणि त्यांनी ठेवलेली बाई शेवंता आता भुतं होऊन वाड्यात. पण कोरोनाची दुसरी लाट आली, राज्यात शूटिंगवर बंधनं आली आणि मालिका मधेच थांबली. गोष्ट अर्ध्यावर, आणि परत कधी सुरू होणार ते कोणालाच सांगता येईना. पेशंट मास्क लावून यायचे, नातेवाइकांना आत बंदी, रोज कोणी ना कोणी गेल्याची बातमी. अशा दिवसांत आमच्या त्या खोलीत ‘आता पुढे काय’ हा प्रश्न फक्त अण्णा नाईकांबद्दल विचारला जायचा. स्वतःबद्दल तो कोणी विचारत नसे. मला ते तेव्हाही जाणवायचं आणि त्यामुळे मी त्या गप्पा कधी तोडल्या नाहीत.

रविवारी, १६ मे २०२१ ला, तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याला घासून वर गेलं. सोमवारी सकाळी मी घरातून निघाले तर रस्त्यावर आडवी झाडं, विजेचे खांब वाकलेले, तारा लोंबलेल्या. वीज नाही, मोबाइलला रेंज नाही. आणि सोमवार म्हणजे आमच्यासाठी आठवड्यातला सगळ्यात अवघड वार. सोम-बुध-शुक्रच्या पेशंटांची आधीची पाळी शुक्रवारची. मधे दोन दिवस मोकळे गेलेले असतात, अंगात पाणी साठलेलं असतं, पोटॅशियम चढलेलं असतं. ती पाळी चुकवून चालत नाही.

पेशंटांनाही ते माहीत होतं. गुरुजींना त्यांचा मुलगा मोटरसायकलवर घेऊन आला. त्याच्या हातात कोयता, वाटेत फांद्या तोडत आलेला. सुलूआत्या निम्मी वाट चालत, निम्मी कोणाच्या तरी टेम्पोत. बापू, म्हणजे आमचे जुने दशावतारी, उभा जन्म स्त्रीपार्ट केलेले, ते पुतण्याच्या खांद्यावर हात टाकून चिखलातून आले आणि आल्या आल्या विचारलं, ‘चेडवा, मशीन चालता मा?’

जनरेटर चालू होता. डिझेल थोडं, आणि आरओच्या, म्हणजे शुद्ध केलेल्या पाण्याच्या, टाकीत भरलेलं होतं तेवढंच पाणी. हे पाणी म्हणजे काय प्रकरण आहे ते बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं. डायलिसिसमध्ये गाळणीच्या पडद्याच्या एका बाजूने रक्त आणि पलीकडच्या बाजूने या पाण्यात बनवलेला द्रव मिनिटाला ५०० मिलिलिटर वाहत असतो. चार तासांचे १२० लिटर, तेही एका पेशंटचे. बोअरचा पंप बंद, म्हणजे नवीन पाणी येणार नाही. वरचे डॉक्टर फोनवर मिळेनात. ड्युटीवरच्या डॉक्टरांशी बोलून ठरवलं की प्रत्येकाला तीनच तास लावायचे आणि द्रवाचा वेग ३०० वर आणायचा. माणशी ५४ लिटर. पूर्ण डायलिसिस होत नाही, पण जीव निभावतो आणि टाकीतलं पाणी सगळ्यांना पुरतं.

पहिल्या खेपेत चार जण घेतले. त्यात विनायक सगळ्यात आधी. वय तिशीच्या आतलं, गोव्यात कंपनीत कामाला होता. तो दारातून आत येतानाच मला बरा दिसला नाही. पाय ओढत होता, चेहरा उतरलेला, नाडी मंद. मी विचारलं, काय खाल्लंस? खाली बघत म्हणाला, ‘आंबे. कलमाखाली सडो पडलेलो. फुकट जातत म्हणान...’ हापूसचा हंगाम, वादळाने रात्रीत झाडं रिकामी केलेली, अंगणात आंब्यांचा खच आणि ज्याला आंबा वर्ज्य तो माणूस घरात एकटा. मी त्याला काही बोलले नाही. ईसीजी बॅटरीवर चालतो, तो काढला. टी-लहरी उंच, टोकदार, तंबूच्या खांबासारख्या उभ्या. लॅब बंद, पोटॅशियमचा आकडा मिळणार नव्हता, पण आंब्यातलं पोटॅशियम हृदयापर्यंत पोचलंय हे तो कागदच सांगत होता. डॉक्टरांनी हृदय सांभाळायला कॅल्शियम दिलं आणि मी मिनिटं न घालवता त्याला मशीनवर घेतलं.

खोलीत पंखे बंद ठेवलेले, दिवा एकच. टीव्ही नाही, कोणाच्या हातात मोबाइल नाही. थोडा वेळ कोणीच बोललं नाही. मग गुरुजींनी सुरुवात केली. ‘शूटिंग सुरू झाला तरी आता कसला चालतला? वाड्याची कौला रवली असतील तर शप्पथ.’ झालं. वाड्याचं छप्पर गेलं असेल की नाही इथून सुरू होऊन गोष्ट अण्णांवर आली. गुरुजींचं मत ठाम होतं की अण्णा कोणाच्या तरी अंगात येणार, बहुतेक त्यांच्या मुलाच्या, अभिरामच्या. विनायकचं म्हणणं शेवंता अण्णावर उलटणार, तिचा खरा सूड अण्णावरच. हे तो डोळे मिटून, तुटक तुटक बोलला, पण बोलला. मी मनात म्हटलं, बोलत राहा बाबा. बोलणाऱ्या पेशंटवर नजर ठेवायला मशीनच्या आकड्यांइतकीच मदत होते, आवाज जड झाला की लगेच कळतं.

सुलूआत्या गप्प होत्या. त्या मधेच म्हणाल्या, ‘तुमका सगळ्यांका अण्णा नि शेवंता. त्या माईचा काय? इतकी वर्षा तिना सोसल्यान, नि वाडो शेवटी भुतांचो?’

माई म्हणजे अण्णांची लग्नाची बायको. आत्यांच्या प्रश्नावर कोणाकडे उत्तर नव्हतं. आत्या नवऱ्यामागे भावाच्या घरी राहतात, एवढं मला त्यांच्या कागदांवरच्या पत्त्यावरून माहीत होतं.

दोन तास होत आले होते आणि जनरेटर बंद पडला.

मशीन बंद पडतं तेव्हा आधी आवाज होतो आणि मग एकदम शांतता. त्या शांततेची भीती वाटते, कारण पेशंटचं पाव लिटरच्या आसपास रक्त त्या क्षणी शरीराबाहेर, नळ्यांत आणि डायलायझरमध्ये, म्हणजे रक्त गाळणाऱ्या फिल्टरमध्ये, असतं. थांबलं की गोठायला लागतं. दोन मशीनच्या बॅटऱ्यांनी पंप धरला, त्यात विनायकचं एक. सुदैव त्याचं. आत्यांचं आणि बापूंचं मशीन जुनं, दोन्ही जागीच थांबली. अशा वेळी पंपाचा हँडल बाहेर काढायचा आणि हाताने फिरवायचा, घड्याळाच्या दिशेने, एका लयीत. शिरेकडे जाणारी नळी आधी क्लॅम्पमधून सोडवून घ्यावी लागते, नाहीतर रक्त पुढे जातच नाही. आणि ती सोडवली की हवा पकडणारा पहारेकरी गेला. मग नळीतल्या चेंबरवर डोळा लावून बसायचं, बुडबुडा दिसला की हात थांबवायचा.

आत्यांचा पंप मी घेतला, बापूंचा आमच्या ब्रदरने. मावशी दोघांच्या मधे टॉर्च धरून उभी. खालून निरोप आला, डिझेलच्या फिल्टरमध्ये कचरा अडकलाय, दहा मिनिटं द्या. रक्त परत देऊन सगळं बंद करायचं, की फिरवत राहायचं? बंद केलं असतं तर त्या दिवशी त्यांना पुन्हा लावायला पाणी नव्हतं. आम्ही फिरवत राहिलो.

आत्या घाबरल्या. हात थंड, श्वास भरभर. ‘बाय, माजा रगात...’ एवढंच म्हणायच्या. मी हँडल सोडून त्यांचा हात धरू शकत नव्हते. तेव्हा पलीकडच्या खाटेवरून बापूंचा आवाज आला. बापूंचा नाही, शेवंताचा. बारीक, लाडिक, आणि खाली कुठेतरी धार असलेला. मास्कच्या आडून, पाठीवर पडल्या पडल्या, दंडात दोन सुया, आणि हा माणूस म्हणतोय, ‘माई... दार उघड. वादळात मी बाहेर उभी आसंय.’

दशावतार ज्यांनी पाहिलाय त्यांना हे नवीन नाही. तिथे लिहिलेली संहिता नसते. तोंडाला रंग लावता लावता कथानक ठरतं आणि संवाद जो तो रंगमंचावर उभा राहून जागच्या जागी बोलतो. समोरच्याने टाकलेलं वाक्य उचलायचं आणि त्यावर आपलं ठेवायचं. बापूंनी ते आयुष्यभर केलं होतं, रात्र रात्र, देवळासमोरच्या मांडावर. मालिकेचा थांबलेला भाग त्यांनी तिथून पुढे उचलला. वादळाची रात्र, वाड्याची कौलं उडालेली, माई एकटी आत आणि दारात शेवंता. तीही आसरा मागतेय, कारण ज्या झाडावर ती राहायची ते झाडच पडलंय.

विनायक हसला. त्या सकाळी पहिल्यांदा.

बापू थांबले. मग आपल्या आवाजात म्हणाले, ‘आत्या, माई तू. बोल.’

‘माका नाय येत.’

‘येता. तुयाच इचारलंस मगाशी. दारात सवत उभी आसा, बोल.’

मी हँडल फिरवत होते, डोळे चेंबरवर. आत्यांचा चेहरा मला दिसत नव्हता. थोड्या वेळाने त्या बोलल्या, सुरुवातीला पुटपुटत. ‘दार उघडतंय. पण आत इलंस तर माझ्या घरात इलंस. वाडो अण्णाचो नाय, तुझो नाय. शेण मी काढलंय, सारवलंय मी, पोरा मी वाढवलंय. भूत होवन ऱ्हवाचा तर पडवेत ऱ्हव. माजघरात पाय ठेवचो नाय.’

खोलीत कोणी हललं नाही. बापूंनी शेवंताच्या आवाजात एवढंच म्हटलं, ‘होय माई,’ आणि त्यात एका जातिवंत नटाने जे ठेवायचं ते सगळं ठेवलं. गुरुजींनी मधेच विचारलं, ‘आणि अण्णा?’ तर आत्या ताडकन म्हणाल्या, ‘तेका पावसात रवांदे.’ आता त्यांचा आवाज मोकळा होता. श्वासही ठीक झाला होता. मावशीने बीपी घेतला, चांगला होता.

जनरेटर दहा मिनिटांत सुरू झाला नाही, जास्त वेळ गेला. माझा खांदा भरून आला होता, ब्रदरने मधे हात बदलला. शेवटी खालून घरघर आली, दिवा लागला, मशीन एकेक करून जागी झाली. नळ्या परत क्लॅम्पमध्ये, अलार्म तपासले, डायलायझर पाहिले. कुठे गोठलेलं नव्हतं. उरलेला वेळ पूर्ण करून आम्ही चौघांना उतरवलं, विनायकचा ईसीजी पुन्हा काढला, लहरी खाली आलेल्या. त्याला रात्रभर वॉर्डात ठेवलं. दुसरी खेप संध्याकाळपर्यंत चालली आणि सगळ्यांचं झालं.

लोक म्हणतात, मालिकेत पुढे काय होईल यावर कसलं डोकं चालवायचं, रिकामटेकडेपणा आहे. मला ते पटत नाही. या आजारात माणसाच्या हातातलं बहुतेक सगळं काढून घेतलेलं असतं. पाणी किती प्यायचं, काय खायचं, कोणत्या वारी कुठे असायचं, सगळं दुसरे ठरवतात. पुढच्या भागात माईने काय बोलावं हे मात्र आत्यांनी ठरवलं, आणि ते ठरवताना त्यांना आपल्या रक्ताची आठवण राहिली नाही. त्या दिवशी माझ्याकडे त्यासाठी औषध नव्हतं.

मालिका ऑगस्टमध्ये परत सुरू झाली. आमच्याकडे दुसऱ्या सकाळी चर्चा भरली आणि सगळ्यांचा एकमुखाने निकाल लागला की बापूंचा भाग जास्त बरा होता. पुढे काही महिन्यांनी अपूर्वा नेमळेकरने मालिका सोडली आणि शेवंता म्हणून कृतिका तुळसकर आली, तेव्हा तर कडाक्याचं भांडण झालं. भूत आहे म्हणजे रूप बदलू शकतं, हे गुरुजींचं म्हणणं. विनायकला ते अजिबात मान्य नव्हतं. बापूंनी दोघांना थांबवलं आणि विचारलं, ‘आत्या, तुजा काय म्हणणा?’

‘माई तीच आसा मा?’ आत्या म्हणाल्या. ‘मग चलात.’