खापरपणजोबांचा घोडा

कॅनडाच्या नागरिकत्वाचा शपथविधी झूमवर होता. सकाळी स्वयंपाकघरातलं टेबल पुसलं, लॅपटॉप मांडला, मागच्या भिंतीवरचं कालनिर्णय उगाचच उतरवून ठेवलं आणि हाताशी कात्री घेतली. कात्री पीआर कार्डासाठी, म्हणजे इथे कायम राहायच्या परवान्यासाठी. कागदपत्रं तपासून झाली की अधिकारी बाई सांगतात आणि आपण कॅमेऱ्यासमोर ते कार्ड कापून दाखवायचं. मग उजवा हात वर. ‘हिज मॅजेस्टी किंग चार्ल्स द थर्ड, किंग ऑफ कॅनडा’, त्यांचे वारस आणि त्यांच्यामागून गादीवर येणारे, या सगळ्यांशी मी एकनिष्ठ राहीन, असं इंग्रजीत खणखणीत म्हटलं आणि फ्रेंचमध्ये पुटपुटले. स्क्रीनवर खिडक्याच खिडक्या, प्रत्येकीत एक वर केलेला हात. कुणाच्या मागे देव्हारा, कुणाच्या मागे फ्रीज. नवऱ्याने शिरा केला होता.

पुण्यात बाबा जागे असतील म्हणून लगेच फोन लावला. ते म्हणाले, “म्हणजे आपण फिरून राजाच्या पदरी?” आणि हसले. मग जरा थांबून म्हणाले, “अगं, पण तुला म्हणावंच लागलं का ते?”

म्हणावंच लागलं. चौदा आणि त्यावरच्या वयाच्या माणसाला त्यावाचून नागरिकत्व मिळत नाही. पण बाबांचा प्रश्न दिवसभर डोक्यात राहिला. आमचं घर औंधला, त्यामुळे कॉलेजची सगळी वर्षं गणेशखिंडीच्या रस्त्याने येजा केली. विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणजे गव्हर्नरचा जुना बंगला. २२ जून १८९७ च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवाची मेजवानी तिथे झाली, ती आटोपून रँड निघाला आणि चाफेकरांनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या. त्याच साली टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला झाला. १९०८ च्या खटल्यानंतर मंडालेची सहा वर्षं. ‘राजद्रोह’ हा शब्द आपण आजही सहज वापरतो, त्यातला राजा कोण हे विसरून. त्या शब्दाच्या गावातून आलेली मी, टोरांटोजवळच्या मिसिसागातल्या स्वयंपाकघरात व्हिक्टोरियाच्या खापरपणतवाच्याही मुलाला वचन देत होते. अंगावर काटा वगैरे आला नाही. पण हसूही आलं नाही.

आता तुम्हाला वाटेल, ज्याच्या नावाने शपथ देतात त्या राजाचं इथे केवढं प्रस्थ असेल. मलाही आले तेव्हा तसंच वाटायचं. पुढे एलिझाबेथ राणी गेली आणि काय ते कळलं.

८ सप्टेंबर २०२२, गुरुवार. इथे दुपारचे दीड वाजले असतील. मी एका कंपनीत पेरोल बघते. बातमी आली तेव्हा मी कुणाच्या तरी ओव्हरटाइमचा हिशोब जुळवत होते. शेजारच्या टेबलावरून “ओह, दॅट्स सॅड” असं ऐकू आलं आणि त्यापाठोपाठ “कॉफी आणायला चाललेय, कुणाला हवी का?” असंही. त्याच वेळी पुण्यातल्या आमच्या शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नुसता धुरळा उडाला होता. कोहिनूर परत मागा, हॅरी येणार का, आता कॅमिलाला राणी म्हणायचं का, डायना असती तर. तिकडे रात्रीचे अकरा वाजून गेले होते, पण कुणी झोपायचं नाव घेईना. त्याच संध्याकाळी दिल्लीत राजपथाचा कर्तव्यपथ झाला होता, त्यावर फार तर दोन मेसेज. राजघराण्याची खडान्‌खडा माहिती असलेली माणसं मला पुण्यातच जास्त भेटली आहेत. इथे त्यांचा राजा, पण कोण कुणाचा कोण हे विचारलंत तर निम्म्यांची दांडी गुल.

खरी खळबळ पुढच्या मंगळवारी उडाली. पंतप्रधानांनी जाहीर केलं की अंत्यविधीच्या दिवशी, १९ तारखेला, केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना सुट्टी. झालं! तासाभरात मला पंचवीस-तीस मेल. शोकसंदेश एकही नाही. आपल्याला सुट्टी आहे का? भरपगारी का? त्या दिवशी कामावर आलं तर दीडपट मिळणार का? एकाने तर, मी आधीच त्या सोमवारची रजा टाकली आहे, ती परत मिळेल ना, असंही विचारलं. काही प्रांतांनी सरकारी कार्यालयं आणि शाळा बंद ठेवल्या. आमच्या ऑन्टारियोने सुट्टी दिली नाही, नुसता दुखवट्याचा दिवस पाळला आणि दुपारी एक वाजता एक मिनिट शांत उभं राहायला सांगितलं. सोमवारी आम्ही उभे राहिलो. त्या मिनिटात पँट्रीतला मायक्रोवेव्ह तीनदा वाजला आणि डबा बाहेर काढायला कुणीच हललं नाही. सत्तर वर्षं गादीवर असलेल्या बाईला आमच्या ऑफिसने दिलेला मान तो एवढाच, पण मनापासून दिला. आपल्याकडे भारत सरकारनेसुद्धा ११ तारखेला एक दिवसाचा दुखवटा पाळला होता, हे मी सांगितलं तेव्हा सगळ्यांना नवल वाटलं. “पण तुम्ही तर त्यांना हाकलून दिलंत ना?”

तसं पाहिलं तर राणी इथे पावलोपावली आहे. टोरांटोत क्वीन स्ट्रीट आहे, तिला समांतर किंग स्ट्रीट आहे, दोन्हींवरून ट्राम जातात. आमच्या घराजवळून जातो तो हायवे म्हणजे क्वीन एलिझाबेथ वे. सगळे क्यूईडब्ल्यू म्हणतात आणि त्यावरच्या ट्रॅफिकला शिव्या घालतात. तो परवा गेलेल्या राणीच्या नावाचा असं ज्याला त्याला वाटतं, खरं तर तो तिच्या आईच्या नावाचा, १९३९ सालचा. ही चूक मी दोनदा दुरुस्त केली. दोन्ही वेळा समोरचा “हं” म्हणाला. आपल्याकडे मरीन ड्राइव्हला राणीचा हार म्हणताना कुठली राणी डोळ्यांसमोर येते? तसंच.

मे महिन्यात व्हिक्टोरिया डेची सुट्टी असते, २५ मेच्या आधीचा सोमवार. जिच्या हीरकमहोत्सवाच्या रात्री पुण्यात गोळ्या सुटल्या, तीच ही. लोक त्याला ‘मे टू-फोर’ म्हणतात. तिचा जन्म २४ मेचा, आणि बिअरचा खोकाही चोवीस बाटल्यांचा. या दिवशी हिवाळाभर बंद असलेली कॉटेजं उघडतात, परसात टोमॅटोची रोपं लावतात, रात्री फटाके उडवतात. मी पण कढीपत्त्याची कुंडी त्याच दिवशी बाहेर काढते. व्हिक्टोरियाचा एवढाच उपयोग: तिच्या वाढदिवसानंतर सहसा गोठवणारं दहिवर पडत नाही.

आमच्या शेजारच्या आजी सत्तरी ओलांडलेल्या. लहानपणी शाळेत रोज ‘गॉड सेव्ह द क्वीन’ म्हणायचो, असं सांगतात. माझी लेक चौथीत आहे, तिच्या शाळेत नुसतं ‘ओ कॅनडा’. परवा ती गल्ला फोडून नाणी लावत बसली होती, राणीची एकीकडे, नवीन चेहऱ्याची दुसरीकडे. “आई, हा माणूस कोण?” मी सांगितलं, आपला राजा. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा नाण्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “आपल्याला राजा आहे?” ती इथेच जन्मलेली, तिला कधीच कुणी हात वर करायला सांगणार नाही. गंमत अशी की खासदार, न्यायाधीश, सैनिक असले लोक सोडले तर राजाचं नाव मोठ्याने घ्यावं लागतं ते आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांनाच. लुधियाना, मनिला, लागोस, पुणे. जे इथले, त्यांना गृहीत धरलंय. काही जणांनी याविरुद्ध कोर्टात दाद मागितली होती. २०१४ मध्ये ऑन्टारियोच्या अपील न्यायालयाने सांगितलं की ही निष्ठा त्या व्यक्तीशी नसून राज्यपद्धतीशी आहे, आणि शपथ घेतल्यावर आपली मतं जाहीरपणे मांडायला तुम्ही मोकळे आहात. म्हणजे आधी म्हणा, मग खुशाल नाकारा. हा निकाल बाबांना फार आवडला.

मग एवढी बेफिकिरी आहे तर राजाला रजा का देत नाहीत? कारण ती द्यायला कुणाला तरी खटपट करावी लागेल. संविधानाच्या ४१ व्या कलमाप्रमाणे संसदेची दोन्ही सभागृहं आणि दहाच्या दहा प्रांतांच्या विधानसभा, सगळ्यांनी होकार द्यायला हवा. आमच्या सोसायटीत गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवर बारा जणांचं एकमत व्हायला चार पावसाळे गेले होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये फ्रेंचभाषक क्वेबेक प्रांतातल्या एका पक्षाने राजाशी संबंध तोडायचा ठराव संसदेत आणला, तो ४४ विरुद्ध २६६ मतांनी पडला. २६६ जण राजाचे भक्त होते असं मला वाटत नाही. क्वेबेकने आपल्यापुरतं काय ते केलं, त्यांच्या आमदारांना राजाची शपथ त्याच डिसेंबरपासून ऐच्छिक आहे. क्वेबेकी लोकांचा राग जुना आहे, पण राग तरी आहे. आणि इथल्या मूळ रहिवाशांना तर राजाकडे दुर्लक्ष करणं परवडणारंच नाही. त्यांच्या जमिनीचे करार झाले ते राजसत्तेशी, त्यामुळे हिशोब मागायचा तोही तिच्याकडेच. २०२१ मध्ये कॅनडा डेच्या दिवशी विनिपेगमध्ये व्हिक्टोरिया आणि एलिझाबेथ दोघींचे पुतळे पाडले गेले, ते मूळ रहिवाशांच्या मुलांना घरापासून तोडून जिथे ठेवत त्या निवासी शाळांच्या आवारात मुलांची बेनाम थडगी असावीत, अशा बातम्या आल्यानंतर. त्याच वर्षीपासून शपथेत मूळ रहिवाशांच्या कराराच्या हक्कांचं वाक्यही आलं. ते वाक्य म्हणताना मी पुटपुटले नाही.

मागच्या वर्षी मात्र एक वेगळाच प्रकार पाहिला. अमेरिकेचे अध्यक्ष कॅनडाला एक्कावन्नावं राज्य म्हणायला लागले, आयातशुल्काच्या धमक्या सुरू झाल्या, आणि २७ मे २०२५ ला चार्ल्स ओटावात येऊन संसदेत भाषण वाचून गेला. १९७७ नंतर पहिल्यांदाच राजगादीवरच्या माणसाने इथे ते भाषण वाचलं. ऑफिसात चक्क एकाने ते लावलं होतं आणि चारपाच जण उभे राहून बघत होते. माळ्यावर टाकलेली जुनी छत्री पहिल्या वळवाला काढतात ना, तसं. जमैकाहून आलेली आमची एक सहकारी तेवढी बघायला आली नाही. बार्बाडोसने २०२१ मध्ये राणीला रामराम केला, आमचाही नंबर लागेल, एवढं म्हणून ती जेवायला निघून गेली. जूनमध्ये पुन्हा सगळे हॉकीवर बोलायला लागले.

जेवणाच्या सुट्टीत मी कधीकधी क्वीन्स पार्कात फिरते. तिथे घोड्यावर बसलेला सातवा एडवर्ड आहे, चार्ल्सचा खापरपणजोबा. खाली बाकांवर विद्यार्थी सँडविच खातात, खारी डब्यात तोंड घालायला येतात. हे पार्क १८६० मध्ये याच एडवर्डने राजपुत्र असताना उघडलं होतं. पुतळा मात्र इथला नाही. तो दिल्लीचा! १९२२ मध्ये लाल किल्ला आणि जामा मशिदीच्या मधल्या बागेत बसवलेला. स्वातंत्र्यानंतर आपण उतरवला आणि १९६९ मध्ये तो टोरांटोला आला. ती बाग आता सुभाषबाबूंच्या नावाची. आपण काढलेला राजा यांनी हौसेने आणला, आणि आणून त्याच्याकडे पाठ करून सँडविच खात बसले. हे कळल्यापासून मला त्याच्याबद्दल जरा माहेरच्या माणसासारखं वाटतं. दोघेही इमिग्रंट.

गेल्या डिसेंबरात मुंबईला आलो तेव्हा लेकीला घेऊन राणीच्या बागेत गेले. जिजामाता उद्यान म्हणा, असं बाबा दरवेळी बजावतात आणि स्वतः राणीची बागच म्हणतात. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाजूला आणखी एक घोडा आहे. काळा घोडा नाव ज्याच्यामुळे पडलं तो, १९६५ मध्ये फोर्टातून उचलून इथे आणलेला. वरती तोच एडवर्ड, राजा व्हायच्या आधीचा. तिकडे काळ्या घोड्याला २०१७ पासून नवा घोडा आहे, त्यावर स्वारच नाही.

मी लेकीला थांबवलं. “ओळखलंस का? आपल्या पार्कातला.”

तिने मान वर करून नीट पाहिलं. “तो इथे कधी आला?”

मी सांगायला सुरुवात केली, बाबाही सरसावले. तोवर तिने लांबवर पेंग्विनची पाटी पाहिली होती.