माळ घालण्याआधी अंग शांत होऊ द्या

दारू सुटावी म्हणून माणसाला पंढरपूरला न्यायचं आणि गळ्यात तुळशीची माळ घालायची, ही आपल्याकडची जुनी वाट. या वाटेनं कितीतरी जण पुन्हा माणसांत आले. घोळ होतो तो दिवसाचा. सकाळी डोळे उघडल्यापासून पिणारा, एसटी स्टँडवर झोपणारा माणूस नातेवाईक उचलून थेट चंद्रभागेवर नेतात. आंघोळ, माळ, शपथ, सगळं एका दुपारात.

मग शरीर हिशेब मागतं. शेवटच्या घोटानंतर ६ ते २४ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी भास सुरू होतात, भिंतीवर किडे दिसतात, समोरचं माणूस ओळखू येत नाही. घरचे म्हणतात, देव कोपला. खरं तर दारू एकदम तुटली म्हणून मेंदू भडकलेला असतो, आणि यात माणूस दगावतो. म्हणून हे दिवस सिव्हिल हॉस्पिटलात किंवा डॉक्टर असलेल्या व्यसनमुक्ती केंद्रातच काढायचे. जवळचं केंद्र माहीत नसेल तर १४४४६ वर फोन करा. "ग्लुकोजचं सलाइन लावा" असा हट्ट धरू नका. उपाशी पिणाऱ्याच्या अंगात बी-१ जीवनसत्त्व उरलेलं नसतं. ते न देता नुसतं ग्लुकोज दिलं तर मेंदूला इजा होऊ शकते. आधी बी-१, मग ग्लुकोज.

नंतर छप्पर. महापालिकेचा रात्रनिवारा असेल तर तिथे नाव घाला. आधार हरवलं असेल तर नवं काढायला जाऊ नका. ठसे जुन्या नोंदीशी जुळतात आणि अर्ज फेटाळला जातो. केंद्रावर बोटांच्या ठशांवरून जुनाच नंबर शोधून घ्यायचा. आधार मिळालं की जनधन खातं. रोजंदारीचे पैसे रोख हातात राहिले की संध्याकाळी पाय गुत्त्याकडेच वळतात.

आता माळ. माळ घातली की मांस-दारू बंद, एकादशी आणि पंढरीची वारी आली. पण माणसाला रोज सावरून धरतो तो हरिपाठ. गावातल्या देवळात तो दिवेलागणीला होतो, म्हणजे नेमका गुत्ता भरायच्या वेळी. अर्धा-पाऊण तास उभं राहायचं, पावली टाकायची, हातात टाळ. नव्या माणसाला मागच्या ओळीत उभं करा आणि त्याच्या हातांकडे बघा. सुरुवातीला दोन्ही टाळ एकमेकांवर नीट पडत नाहीत, कडा घासतात, आवाज फुटका येतो. हात स्थिरावले की पखवाजाबरोबर टाळ खणकन लागतो. शेजारच्या माळकऱ्याला ते आधी कळतं. तो नुसती मान हलवतो, आणि तेवढ्यावर माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो.

ज्याचं मन कीर्तनात रमत नाही, त्यानं दारू सोडू पाहणाऱ्यांच्या, एकमेकांना सावरणाऱ्या गटाच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मीटिंगला जावं. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या या वाटेतही देव आहे, पण ज्याला जसा उमगेल तसा.

पहिल्या वर्षी निर्जळी एकादशी नको. भूक आणि दारूची तलफ यांतला फरक नव्यानं सुटलेल्याला कळत नाही. वरई, रताळं, दाण्याची आमटी पोटभर खावी, गोळ्या चुकवू नयेत. लिव्हर खराब असेल तर उपास डॉक्टरांना विचारूनच. वारीला एकट्यानं जाऊ नये. दिंडीची भिशी दरमहा थोडी थोडी भरावी, म्हणजे पैशालाही वाट मिळते आणि दिंडीतली माणसं वर्षभर विचारपूस करत राहतात.

डायसल्फिराम, म्हणजे वर दारू प्यायली तर अंगाला त्रास देणारी गोळी, जेवणात लपवून देणं तर नकोच नको. शेवटच्या घोटानंतर किमान १२ तास झाल्याशिवाय ती घ्यायची नसते, आणि बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत दारूशी तिची रिअ‍ॅक्शन येऊ शकते. नकळत दिलेल्या गोळीवर माणूस प्यायला तर जीव जाऊ शकतो. आसव-अरिष्टांत, म्हणजे आयुर्वेदातल्या आंबवलेल्या औषधांतही अल्कोहोल असतं, ती बंद.

आणि माळ उतरेल, हे धरूनच चाला. पिण्याआधी माणूस ती काढून खुंटीला अडकवतो. दुसऱ्या दिवशी लाजेनं देवळाकडे फिरकत नाही, आणि त्या लाजेपायीच पुन्हा पितो. इथे घरच्यांनी शपथेची आठवण काढून बोलू नये. तो पुन्हा रोज प्यायला लागला असेल तर आधी डॉक्टर. एखाद्या दिवसाचीच घसरण असेल आणि तो शुद्धीत असेल, तर त्याच संध्याकाळी दिंडीतल्या कुणीतरी घरी जावं, खुंटीवरची माळ त्याच्या हातात द्यावी आणि त्याला हरिपाठाला घेऊन यावं, त्याच मागच्या ओळीत.